मंगळ दुर्बिणीतून पाहताना काय चुकतं: फेब्रुवारी २०२७ च्या प्रतियुतीची तयारी

“दुर्बीण लावली, मंगळ सापडला, पण थरथरत्या नारिंगी गोळीपलीकडं काही दिसलं नाही.” नवी दुर्बीण घेतलेल्यांची ही तक्रार ठरलेली असते, आणि बहुतेक वेळा दोष दुर्बिणीचा नसतो. गुरू आणि शनी साध्या दुर्बिणीतून, कुठल्याही बऱ्या रात्री काहीतरी दाखवतातच. मंगळ तसा मोकळ्या हाताचा नाही. तारीख चुकली, गच्ची तापलेली राहिली, आरसा गार झाला नाही किंवा पहिल्याच मिनिटाला सगळ्यात जास्त वर्धन (प्रतिमा किती पट मोठी करायची ते) लावलं, यातली एक चूकही रात्र वाया घालवायला पुरते. म्हणून टप्पे खाली दिलेल्या क्रमानंच घ्या. दुर्बीण ७० ते २०० मि.मी. व्यासाची आहे असं धरलं आहे. वेळा मराठवाड्याच्या आहेत.

## १. आधी तारीख ठरवा

मंगळ पृथ्वीच्या जवळ येतो तो साधारण २६ महिन्यांनी एकदा. मधला बराच काळ त्याचं बिंब ४ ते ६ विकला एवढंच असतं (विकला म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग). तेव्हा २०० मि.मी.च्या दुर्बिणीतूनही पदरी काही पडत नाही. बिंब १० विकलांच्या वर गेलं की पृष्ठभागावरच्या खुणा हाती लागू लागतात.

पुढची प्रतियुती (पृथ्वीवरून पाहता मंगळ सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येणं) १९ फेब्रुवारी २०२७ ला आहे. त्या वेळी अंतर सुमारे १० कोटी १४ लाख किलोमीटर आणि बिंब १३.८ विकलांचं असेल. त्याच दिवसांत गुरूचं बिंब ४५ विकलांच्या आसपास असतं, यावरून मंगळ केवढा लहान ते लक्षात घ्या. “मंगळ चंद्राएवढा दिसणार” हा मेसेज दर ऑगस्टमध्ये फिरतो. तो खोटा आहे, पुढं पाठवू नका.

मात्र एकाच रात्रीवर सगळं टांगून ठेवू नका. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बिंब १० विकलांहून मोठंच राहतं. फेब्रुवारीत एखादी रात्र खराब गेली म्हणून काही बिघडत नाही.

यापेक्षा मोठ्या प्रतियुतीची वाट पाहावी का? जून २०३३ च्या अखेरीस बिंब २२ विकलांचं होईल, पण ते ऐन आर्द्राच्या पावसात, आणि मंगळ दक्षिणेला बराच खाली असेल. सप्टेंबर २०३५ ची त्याहूनही मोठी, पण तेव्हा परतीच्या पावसाची टांगती तलवार. फेब्रुवारी २०२७ चा मंगळ लहान असला तरी मराठवाड्यात तो जवळपास माथ्यावरून जातो आणि आकाश बहुधा निरभ्र असतं. इथल्या माणसासाठी हाच सौदा बरा.

## २. पाहताय तो मंगळच आहे ना?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. त्या दिवसांत मंगळ सिंह राशीत, मघा ताऱ्याच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर आहे, आणि गुरूही शेजारीच, मंगळापासून साधारण १० अंशांवर. हात लांब करून मूठ धरली की मुठीची रुंदी १० अंश भरते. गुरू मंगळापेक्षा ठळक असल्यानं “सगळ्यात तेजस्वी तो मंगळ” असं धरणारे सरळ गुरूवर जाऊन पोहोचतील.

तपासा: संध्याकाळी साडेआठला पूर्वेकडं तोंड करा. वरचा, सगळ्यात तेजस्वी आणि पिवळसर पांढरा तो गुरू. त्याच्या खालचा नारिंगी तो मंगळ. मंगळाजवळचा मंद, पांढरा ठिपका म्हणजे मघा. दुर्बिणीत बिंबाच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत ठिपके दिसले तर तो गुरू आणि त्याचे चंद्र.

दुर्बीण नसेल तरी एक काम करता येतं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत मंगळ वक्री आहे. चार-पाच दिवसांनी एकदा मघा आणि आजूबाजूचे तारे धरून त्याची जागा कागदावर मांडली तर उलटी चाल कागदावर उमटते.

## ३. जागा: अंधार नको, थंड जमीन हवी

इथं सगळ्यात जास्त लोक चुकतात. धूसर आकाशगंगा पाहायची तर गावाबाहेरचा अंधार लागतो. मंगळ एवढा तेजस्वी की रस्त्यावरच्या दिव्यांनी त्याचं काही बिघडत नाही. लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या भर वस्तीतूनही तो दिसेल. मंगळाला लागते ती स्थिर हवा, आणि शहरात नेमकी तीच बिघडते.

सिमेंटची गच्ची दिवसभर ऊन पिते आणि मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता सोडत राहते. ती वर जाणारी गरम हवा दुर्बिणीसमोरून जाते आणि बिंब उकळल्यासारखं हलतं. पत्रे लवकर गार होतात, पण शेजारच्या घराच्या पत्र्यांवरून किंवा धुराड्यावरून मंगळाकडं पाहत असाल तर तेही त्रास देतात. माळवदावर वेगळी अडचण येते: माणूस चालला की लाकडी पाटन हलतं आणि २०० पट वर्धनाला ते सरळ डोळ्यात दिसतं.

पसंतीचा क्रम असा ठेवा. पहिली पसंती शेतातल्या आखाड्याजवळची मोकळी माती किंवा उभ्या पिकाकडेची जागा. नंतर अंगण. गच्ची शेवटी, आणि तीही रात्री अकरानंतर. गच्चीवरच पाहायचं असेल तर संध्याकाळी सहाला तिथं पाणी मारा, फरक पडतो.

सावध: फेब्रुवारीत ज्वारीची काढणी आणि उसाची तोडणी चालू असते. जवळ मळणी यंत्र चालू असेल किंवा कुणी पाचट पेटवलं असेल तर त्या बाजूला जाऊ नका. धूळ आरशावर बसते, ती पुसायची म्हणजे आरशाला ओरखडे. रानात बॅटरी आणि बंद बूट ठेवा. दुर्बिणीशी खाली गुडघे टेकून बसायचं असतं आणि विंचू तिथंच फिरतात. रात्री शेताला वीज असेल तर शेजारी पाणी सोडून घेऊ नका. ओल आली की भिंगावर दव जमतं.

## ४. दुर्बीण गार होऊ द्या

घरातून उचलली आणि डोळा लावला, हे चालत नाही. नळीतली हवा आणि आरसा बाहेरच्या हवेपेक्षा गरम असेल तोवर प्रतिमा थरथरणारच. फेब्रुवारीत इथं दुपार आणि रात्र यांच्या तापमानात बराच फरक पडतो, त्यामुळं ही पायरी हमखास आड येते.

७० मि.मी.च्या भिंगाच्या दुर्बिणीला २० मिनिटं पुरतात. ११४ ते १५० मि.मी.च्या आरशाला ४५ मिनिटं लागतात. २०० मि.मी.ला तासभर द्या. दुर्बीण मोटारीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवली असेल तर आणखी अर्धा तास धरा. पुढचं टोपण काढून नळी थोडी तिरपी ठेवा. गरम हवेला वर जायला वाट मिळते.

तपासा: मघेवर दुर्बीण लावून फोकस मुद्दाम बिघडवा. ताऱ्याची चकती होईल. चकतीत एका बाजूनं उठणाऱ्या, संथ हलणाऱ्या धुरासारख्या रेषा दिसल्या तर आरसा अजून गरम आहे. सगळीकडून भराभर धावणाऱ्या लाटा दिसल्या तर ती वरच्या हवेची खोड आहे. ती थांबून जात नाही, दुसरी रात्र बघावी लागते.

## ५. आरशांची जुळणी

भिंगाची दुर्बीण असेल तर हा टप्पा सोडून द्या. आरशाची असेल तर सोडू नका, कारण मोटारसायकलवरून शेतात नेली की जुळणी हललेली असतेच.

दिवसा ढोबळ जुळणी करून घ्या. आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) जागी मधोमध बारीक भोक असलेलं टोपण बसवा (फिल्मच्या जुन्या डबीचं झाकणही चालतं). भोकातून पाहताना आधी दुय्यम आरशात (नळीच्या तोंडाजवळच्या लहान तिरप्या आरशात) मुख्य आरसा पूर्ण दिसेल असे दुय्यमचे स्क्रू फिरवा, मग मुख्य आरशाचे मागचे तीन स्क्रू. दर वेळी एकच स्क्रू, आणि पाव वळशाहून जास्त नाही.

रात्री पक्की जुळणी: १०० च्या आसपास वर्धन लावून मघा मधोमध आणा, फोकस किंचित बिघडवा. काळा ठिपका (दुय्यम आरशाची सावली) चकतीच्या बरोबर मध्ये आणि कडी एकात एक गोल दिसली पाहिजेत. ठिपका एका बाजूला सरकलेला असेल तर मागचा एक स्क्रू हलवा. तारा सरकतो, त्याला पुन्हा मध्ये आणा, पुन्हा बघा.

सावध: हे गार झालेल्या आरशावरच करा. चौथा आणि पाचवा टप्पा उलटा केला तर अर्ध्या तासानं सगळं पुन्हा करावं लागतं.

## ६. वर्धन: खोक्यावरचा आकडा विसरा

वर्धन म्हणजे दुर्बिणीचं नाभीय अंतर (मुख्य भिंगापासून किंवा आरशापासून प्रतिमा जुळते तिथवरचं अंतर) भागिले आयपीसचं. ७० मि.मी. व्यास आणि ७०० मि.मी. नाभीय अंतराच्या दुर्बिणीच्या खोक्यावर “५२५ पट” लिहिलेलं असतं. ४ मि.मी.चा आयपीस आणि त्यावर ३ पट बार्लो (वर्धन वाढवणारं जोडभिंग) लावून काढलेला हा आकडा. गणित बरोबर, उपयोग शून्य. व्यास मि.मी.मध्ये घ्या आणि दुप्पट करा, ती वरची मर्यादा. म्हणजे ७० ला १४०, ११४ ला सुमारे २२५, १५० ला ३००. मराठवाड्यातल्या साधारण हवेत १५० मि.मी.नंही २०० च्या पुढं जायचं काम क्वचितच पडतं.

हाती असलेल्या सामानावरून हिशोब असा: ७०० मि.मी.च्या दुर्बिणीला ६ मि.मी. आयपीस ११७ पट देतो. ९०० ला तोच १५०. १५० व्यासाच्या, १२०० नाभीय अंतराच्या डॉब्सोनियनला (जमिनीवरच्या फिरत्या पेटीत बसवलेली आरशाची दुर्बीण) १० मि.मी.नं १२० आणि ६ नं २००. ६५० च्या लहान नळीला १० मि.मी. आणि २ पट बार्लो लावून १३०. १३.८ विकलांचा मंगळ १३० पटीला नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या चंद्राएवढा होतो. प्रत्यक्षात तो तेवढा वाटत नाही, कारण काळ्या पार्श्वभूमीत मेंदू फसतो.

क्रम: २५ मि.मी.नं शोधा, १० नं मधोमध आणा, मग ६ वर या. आयपीस बदलल्यावर बिंब मोठं झालं पण नवी खूण एकही दिसली नाही, तर एक पायरी मागं या. खोक्यासोबत आलेला ४ मि.मी.चा आयपीस बहुधा बाजूलाच ठेवावा लागतो.

## ७. माथ्यावरचा मंगळ आणि स्टँडची कुरकुर

१९ फेब्रुवारीच्या सुमारास मंगळ सर्वात वर येतो तो रात्री साडेबारा ते पाऊणला. तिथून तो डोक्यापासून अवघ्या चार-पाच अंशांवर असतो. हवेच्या दृष्टीनं हे उत्तम, कारण प्रकाश सगळ्यात कमी हवेतून येतो. स्टँडच्या दृष्टीनं मात्र त्रासाचं. डॉब्सोनियन अगदी माथ्यावर असताना आडवी फिरवायला जमत नाही. नळी ढकलायला पुरेशी तिरपी उरत नाही, धक्के बसतात आणि मंगळ हातचा निसटतो. लांब भिंगाच्या दुर्बिणीचं मागचं टोक तिकाटण्याच्या पायाला लागतं.

म्हणून मंगळ ५५ ते ७० अंश उंचीवर असताना पाहा: साडेदहाच्या आसपास, नाहीतर सरळ अडीचनंतर. पुढं दर रात्री हे वेळापत्रक पाचेक मिनिटांनी अलीकडं सरकतं. मार्चच्या मध्यात मंगळ साडेदहा-पावणेअकरालाच माथ्यावर असेल, तेव्हा साडेआठ सोयीचे.

विषुववृत्तीय स्टँड (एक अक्ष ध्रुवताऱ्याकडं रोखलेला) असेल तर अक्षाचा कोन आपल्या गावाच्या अक्षांशाइतका ठेवा. धाराशिव आणि लातूरला १८ अंशांच्या थोडं वर, बीड, परभणी, नांदेडला १९ च्या आसपास, जालना आणि संभाजीनगरला जवळजवळ २०. ध्रुवतारा इथं इतका खाली असतो की झाडामागं किंवा घरामागं लपतो. डोळ्यांनी पाहण्यापुरती होकायंत्रानं उत्तर धरली तरी भागतं.

२०० पट वर्धनाला मंगळ साधारण एका मिनिटात दृष्टिक्षेत्र ओलांडून जातो. त्याला सारखं मध्ये धरून ठेवायची धडपड करू नका. पूर्वेच्या कडेला आणून सोडा, थरथर थांबायला तीन सेकंद द्या, आणि तो सरकताना पाहा. तिकाटणं हलकं असेल तर मधोमध दोन विटांची पिशवी अडकवा.

फोकस मंगळावर करू नका, त्याची कड मऊ असल्यानं नेमका फोकस कळत नाही. गुरूच्या चंद्रावर किंवा मघेवर तो ठिपका टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत फिरवा, मग तसंच मंगळाकडं या.

## ८. आता पाहा, आणि वीस मिनिटं पाहा

पहिल्या मिनिटाला काही दिसत नाही. ते तसंच असतं. हवा सतत हलते आणि मधूनच एक-दोन सेकंद स्तब्ध होते. खुणा दिसतात त्या तेवढ्याच क्षणांत. डोळा आयपीसवरून न काढणाऱ्याला त्या सापडतात. घरातल्या सगळ्यांना रांगेनं दहा-दहा सेकंद दाखवायचं असेल तर त्यांना गुरू दाखवा.

डोळे अंधाराला सरावलेले नसलेलेच बरे. पूर्ण अंधारात मंगळ डोळ्यावर चकाकतो आणि रंगातला फरक पुसला जातो. जवळ एक मंद पांढरा दिवा चालू राहू द्या.

या क्रमानं शोधा. आधी बिंबाचा आकार: प्रतियुतीच्या आसपास पूर्ण गोल, महिनाभर आधी किंवा नंतर एका कडेनं किंचित कापलेला. तो फोकसचा दोष नव्हे, मंगळाची कला आहे. मग उत्तर ध्रुवाची पांढरी टोपी. या प्रतियुतीत मंगळाचा उत्तर ध्रुव आपल्याकडं कललेला आहे आणि तिथं वसंत सरत आलेला, म्हणून टोपी आकसून लहान झालेली असेल. त्यानंतर करडे डाग. सगळ्यात सोपा सिर्टिस मेजर नावाचा डाग, निमुळत्या त्रिकोणासारखा. उत्तरेकडचा मारे ॲसिडेलियमही या कलण्यामुळं बऱ्या जागी येतो. कडेवर निळसर पांढरेपणा दिसला तर ते ढग असू शकतात.

सावध: मंगळ क्षितिजाजवळ असताना एका कडेला निळी आणि दुसऱ्या कडेला लाल झालर दिसते. ती आपल्याच हवेची करामत आहे, ध्रुवाची टोपी समजू नका. मंगळ ४० अंशांवर येईपर्यंत थांबा.

रंगीत फिल्टर घ्यायचा तर १५० मि.मी.च्या आत २१ क्रमांकाचा नारिंगी. डाग थोडे उठून दिसतात. गडद लाल २५ क्रमांकाचा लहान दुर्बिणीत बिंब काळवंडून टाकतो. ढगांसाठी निळा ८०ए. एकही नसला तरी अडत नाही.

## ९. काहीच डाग नाहीत? बाजू तपासा

मंगळाचा दिवस २४ तास ३७ मिनिटांचा. त्यामुळं आज दहाला मध्यावर असलेला डाग उद्या साधारण दहा-चाळीसला तिथं येतो. रोज ठरावीक वेळीच पाहिलं तर डाग मागं मागं जातात आणि पूर्ण मंगळ फिरून यायला साधारण साडेपाच आठवडे लागतात. थार्सिस आणि ॲमेझोनिस या उजळ, जवळपास डाग नसलेल्या भागांची बाजू समोर असते त्या रात्री लहान दुर्बिणीतून जवळपास कोरंच बिंब दिसतं. दुर्बिणीला बोल लावण्याआधी स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या ॲपमध्ये आपलं गाव आणि वेळ टाकून मंगळ मोठा करून बघा, कोणती बाजू समोर आहे ते कळतं. सिर्टिस मेजर सोयीच्या वेळी मध्यावर येणाऱ्या रात्री आधीच वहीत टिपून ठेवा.

नकाशाशी ताडताना प्रतिमा कशी उलटते ते धरा. आरशाच्या दुर्बिणीत ती पूर्ण उलटी होते, दक्षिण वर. भिंगाच्या दुर्बिणीला मागं काटकोनी आरसा असेल तर डावं-उजवं बदलतं. दिशा कळायला सोपी युक्ती: दुर्बीण हलवू नका, मंगळ ज्या कडेनं बाहेर जातो ती आकाशातली पश्चिम. डागही त्याच दिशेनं सरकतात, तासाला साडेचौदा अंशांहून थोडे जास्त.

## १०. नोंद: आधी पेन्सिल, मग फोन

५० मि.मी. व्यासाची वर्तुळं दिवसाच काढून ठेवा. टोपी आणि मोठे डाग आधी, छटा नंतर, आणि सगळं १५ मिनिटांत, कारण तेवढ्यात ग्रह फिरलेला असतो. खाली तारीख, वेळ, दुर्बीण, वर्धन आणि हवा कशी होती ते लिहा. जे दिसलं असं “वाटलं” ते तुटक रेषेनं दाखवा. नकाशा चित्र झाल्यावर उघडायचा. आधी पाहिलात तर डोळा नकाशातलंच काढत बसतो.

फोननं फोटो नको, व्हिडिओ घ्या. आयपीसला अडॅप्टर बसवा, पडद्यावर बिंबावर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा, उजेड कमी करत न्या, बिंबाची नारिंगी छटा दिसेपर्यंत. पांढरं फटक बिंब म्हणजे सगळी माहिती जळालेली. दीड-दोन मिनिटांचे चार-पाच व्हिडिओ घेऊन संगणकावर ऑटोस्टॅकर्ट या सॉफ्टवेअरमध्ये चांगल्या चौकटी निवडून एकत्र करा आणि रेजिस्टॅक्स या सॉफ्टवेअरमध्ये धार लावा. धार जास्त झाली की बिंबाच्या कडेला आतून एक खोटी रेघ उठते. ती दिसली की एक पायरी मागं घ्या.